भाकरीला शून्य गुण

अंबिका कोरे या शाळकरी मुलीच्या पत्राला अच्युतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. ते निवृत्त आहारशास्त्रज्ञ होते. पण आपला शब्द ऐकणार कोण, आणि आपलंच चुकत असलं तर, असं त्यांना वाटत राही.

रविवारी त्यांची नात शाल्मली ते पत्र हातात घेऊन तणतणत आली.

"आजोबा, हिला खो-खोच्या संघातून काढलंय. कारण काय, तर तुमच्या प्रश्नावलीत गुण कमी पडले. आणि तुम्ही गप्प?"

"प्रश्नावली माझी नाही गं. मी फक्त मराठीत आणली."

"मग उत्तर कोण देणार? शेजारचे काका?"

मंगळवेढ्याजवळच्या अंबिकाच्या शाळेत जेवणघरात एक यंत्रमानव असे. मुलं भूमध्य आहार (भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचं पारंपरिक जेवण) किती पाळतात, हे तो सोळा प्रश्न विचारून मोजी. चांगल्या सवयीला एक गुण, वाईट सवयीला उणे एक. गुण कमी पडले की शाळा त्या मुलाला अशक्त ठरवी.

शाल्मलीने घरच्या यंत्रमानवाला बोलावलं. "ठकू, मी अंबिका आहे असं समज. विचार तेच प्रश्न."

"घरात ऑलिव्हचं तेल वापरता?"

"करडईचं."

"शून्य. मासे खाता?"

"आमच्याकडे समुद्र नाही रे बाबा."

"शून्य. जवळजवळ रोज भात किंवा पास्ता?"

"ज्वारीची भाकरी. रोज."

"भात किंवा पास्ता?"

"भाकरी म्हटलं ना."

"शून्य."

"तुझ्याच टाळक्याला शून्य."

अच्युतरावांना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"ऑलिव्हच्या तेलात असंपृक्त मेद (हृदयाला मानवणारी चरबी) असतो, म्हणून त्याला गुण. तो करडईतही असतो. तेल काम कोणतं करतं ते विचारायचं सोडून हा नाव विचारतोय."

"म्हणजे प्रश्नावली खोटी?"

"नाही. भूमध्य समुद्राकाठच्या मुलांसाठी ती बरोबर आहे. वजनकाटा चांगलाच असतो. पण त्यावर उभं करून कुणी तुझी उंची सांगू लागला तर? अंबिका तिथल्या मुलांसारखी किती जेवते, एवढंच हे गुण सांगतात. शाळेने वाचलं, ती किती चांगलं जेवते. मापाची वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातंय ना, याची खात्री) इथे कुणी तपासलीच नाही." त्यांचा आवाज चढला. "पोरीला संघाबाहेर बसवताना मात्र कुणाचा हात अडला नाही."

शाल्मली चकित झाली. आजोबांना असं रागावलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"पण ती सकाळी उपाशी शाळेत जाते म्हणे," ती हळूच म्हणाली.

"तो उणे गुण खरा आहे. न्याहारी चुकवणं कुठेही वाईटच. तो मी सोडणार नाही."

मग त्यांनी लिहायला घेतलं. एक पत्र अंबिकाला: तुमच्याकडच्या जेवणासाठी नवे प्रश्न हवेत. तू आणि तुझ्या मैत्रिणी सुचवा, आपण मिळून तपासू. दुसरं मुख्याध्यापिकांना: या गुणांवरून एकाही मुलाला खेळाबाहेर ठेवणं चूक आहे.

टपालाचं ड्रोन गच्चीवर येऊन घरघरत थांबलं, तशी दोघं पत्रं घेऊन वर गेली.

"भाषा जरा कडक झाली का गं?"

शाल्मलीने दुसरं पत्र वाचलं. "नाही."

"मग आणखी थोडी करतो," म्हणत त्यांनी कठड्यावर कागद टेकवून एक ओळ वाढवली, खाली पूर्ण नावाची सही केली आणि दोन्ही पाकिटं ड्रोनच्या पेटीत टाकली.