शिक्कामोर्तबाआधी

बाणेरच्या टेकडीवरच्या स्मृतिसंधान प्रयोगशाळेत सकाळी दहाला चौथा प्रयत्न सुरू व्हायचा होता. विश्राम गुप्तेच्या मेंदूला पाचापेक्षा जास्त प्रयत्न झेपणार नव्हते. मेंदूज्वरानं त्याची बारा वर्षं पुसून टाकली होती. शेजारच्या पलंगावर त्याची बायको हेमांगी होती. यंत्रणा तिनंच रचलेली, नियमही तिचेच. काचेमागे बसून यंत्र चालवणाऱ्या इनामदारांनी एकवीस वर्षांत त्यातला एकही मोडला नव्हता.

"नियम म्हणा," ते म्हणाले. सुरुवातीला ते मोठ्यानं म्हणायची तिथली रीत होती.

"माझ्या आठवणी नमुना धरून त्याच्या विझलेल्या आठवणी जाग्या करायच्या. टप्पे चार. चारही जमले तर शिक्कामोर्तब. एक जरी फसला, तर सगळं मूळपदावर. अर्धामुर्धा माणूस आपण घरी पाठवत नाही."

"आणि मधे?"

"मधे बोलायचं नाही. शिक्कामोर्तबाआधी तो जे बोलेल, ते घडलेलंच नसतं. मी ऐकलं आणि प्रयत्न फसला, तर माझ्या डोक्यातूनही ते काढायचं. पण मी काय दूधखुळी आहे बोलायला?"

तुम्ही दर वेळी बोलता म्हणूनच फसतं, हे इनामदारांनी आधी सांगून पाहिलं होतं. बाई हसण्यावारी न्यायच्या. त्यांनी कळ दाबली.

दुसरा टप्पा संपला तसे विश्रामनं डोळे उघडले. "हेमा, केस किती पिकले गं तुझे!"

झालं! हेमांगी उठून बसली. "विश्राम, तुझ्या आई गेल्या तेव्हा फोन मी घेतला होता. तुझा नाटकाचा प्रयोग मोडू नये म्हणून दोन तास सांगितलं नाही. राग आहे अजून?"

"नव्हताच कधी. मी तरी माझा फोन बंद करूनच बसलो होतो ना!"

ती ओक्साबोक्शी रडली. आठ वर्षांचं ओझं उतरलं आणि तिथेच घात झाला. नमुना शेवटपर्यंत जसाच्या तसा राहायला हवा. तिची तर ती आठवणच बदलली होती. तिसऱ्या टप्प्याला दोन्ही बाजू जुळेनात. लाल दिवा लागला आणि विश्राम मूळपदावर गेला.

"या बाई कोण?" विश्रामनं विचारलं.

"इनामदार, एवढं एक वाक्य माझ्याकडे राहू द्या हो."

"नियम तुमचाच आहे," इनामदार म्हणाले. तिची आठवण पुसणारी कळ या खेपेला त्यांनी जरा उशिरानं दाबली.

महिन्याभरानं, पाचव्या प्रयत्नाच्या सकाळी, हेमांगी कागद चाळत होती. "चारही वेळा तिसराच टप्पा! दोष सापडत कसा नाही?"

इनामदार काचेमागून बाहेर आले. यंत्राला ते कधीच जोडलेले नव्हते. त्यांना सगळं आठवत होतं.

"बाई, आईंच्या फोनचा राग त्यांना कधीच नव्हता. तेही फोन बंद करूनच बसले होते."

तिच्या हातातले कागद खाली पडले. तिच्या आठवणीप्रमाणे हे गुपित तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"असं कधी म्हणाला तो?"

"नोंदीप्रमाणे," इनामदार म्हणाले, "कधीच नाही."

डोळे पुसून तिनं पलंगाला पाठ टेकली. आज तिला विश्रामला विचारायचं काही उरलं नव्हतं.