अकरा चकत्यांची मूठ

आधी काठी आत आली, मग तो आला.

सात फुटांची, काळी, टोकाकडे निमुळती होत गेलेली मासेमारीची काठी. तिचं टोक सरळ आमच्या पंख्याकडे निघालं होतं. "अहो, खाली घ्या!" मी ओरडले. त्यानं घाईघाईनं ती खाली घेतली, आणि माझी लाखेची बरणी आडवी केली.

"सॉरी... मी एरवी असा नसतो."

"मग एरवी कसे असता?"

बरणी सरळ करता करता तो या प्रश्नावर इतका मनापासून विचार करायला लागला की मला हसू आवरेना.

आमचं दुकान मुठींचं. बाबा हातकाठ्यांच्या, छत्र्यांच्या, पटाशीच्या मुठी करतात. मासेमारीच्या काठ्यांना रंगीबेरंगी लाकडी मुठी बसवायचं खूळ माझं. वेगवेगळ्या लाकडांच्या गोल चकत्या एकमेकींना चिकटवायच्या, लेथवर फिरवून हाताजोगा आकार द्यायचा आणि मधल्या भोकातून काठी ओवायची. बाबा याला नखरे म्हणतात, पण गिऱ्हाईक आलं की माझ्याकडेच पाठवतात.

तो पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होता. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे. त्याची बदली झाली होती, चार तासांवरच्या एका तलावाकाठी. "खिडकीतून तलाव दिसणार आहे म्हणे," तो म्हणाला. "मग म्हटलं, मासे तरी धरू. दोन आठवड्यांनी रविवारी निघायचंय."

मी त्याच्यापुढे ओल्या मातीचा गोळा ठेवला. "दाबून धरा. हाताचं माप हवंय."

त्यानं असा धरला, जणू झोपलेलं पाखरू.

"अहो, घट्ट! मासा काय परवानगी काढून येणार आहे?"

शेवटी मीच त्याची बोटं मातीवर दाबली. बोटांना क्लोरीनचा वास होता. मी पोहायला शिकले तेव्हाचा, स्वच्छ, गार वास. माझा हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. मला कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

खरं उत्तर होतं, तीन. सगळ्या चकत्या मेण लावलेल्या एका सळईवर ओवायच्या, डिंक लावून दोन्हीकडून नट आवळायचे, एक दिवस सुकू द्यायचं, दुसऱ्या दिवशी लेथ, तिसऱ्या दिवशी पॉलिश. मी 'तीन' म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"रोज एक चकती बसते," मी म्हणाले. "एकूण अकरा. आणि प्रत्येक तुम्ही स्वतः येऊन निवडायची. पसंतीचं काम आहे."

मागच्या बाजूला बाबांचा लेथ थांबला. दोन क्षणांनी पुन्हा सुरू झाला.

तो रोज यायला लागला. साडेपाचला खात्यातून सुटायचा, पावणेसहाला दारात. मी फळीवर तुकडे मांडून ठेवायची: शिसम, अक्रोड, फणस, साग. तो एकेक तुकडा उजेडात धरायचा, वास घ्यायचा, आणि अर्धा तास घालवून कालचाच निवडायचा.

"परत शिसम?"

"काल चुकून निवडला होता. आज समजून निवडतोय."

पाचव्या दिवशी पाऊस आला. तो निथळत आला. मी पुसायला कामाचं फडकं दिलं, तर त्याच्या चष्म्यावर लाकडाचा भुसा चिकटला. "तू हे मुद्दाम केलंस," तो म्हणाला, आणि दचकला. "म्हणजे... तुम्ही."

"तूच बरं आहे," मी म्हणाले. पाऊस थांबला तरी तो तासभर बसून होता.

एक चकती चिकटली की मी मूठ सळईवरून काढायची आणि त्याच्या हातात द्यायची. वाढत चाललेली मूठ तो तळहातावर धरायचा, अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी हवी." मला ते ऐकायला फार आवडायचं.

बाबांनी एकदाच विचारलं, "पूर्वी आपण अकराच्या अकरा एका दमात आवळायचो. ही नवी पद्धत कुठून आली?"

"तुमचा चहा गार होतोय, बाबा."

अकरा दिवस कापरासारखे उडाले. शुक्रवारी मी मूठ लेथवर चढवली. सुंदर झाली होती, उगाच कशाला खोटं बोलू? शनिवारी दुपारी तो काठी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बस होती. मी भोकात काठी घातली.

काठी चार चकत्या आत गेली आणि अडली.

मी जरा फिरवून पाहिली. पुन्हा अडली. भोकाला डोळा लावला. पलीकडचा उजेड गोल नव्हता, चंद्रकोरीएवढाच दिसत होता. रोज काढघाल करताना प्रत्येक चकती केसभर सरकून बसली होती. आणि अकरा केस म्हणजे काही थोडं नाही.

"कानस फिरवून भोक मोठं करता येईल?" त्यानं विचारलं.

"मग काठी मुठीत खुळखुळेल."

"एवढी काळजी घेऊनही असं कसं झालं?"

'लाकूड फिरलं' म्हणता आलं असतं. पावसाळी हवेवर ढकलता आलं असतं. त्यानं विश्वासही ठेवला असता, आणि तेच मला सहन होईना.

"मूठ अशी करतच नाहीत," मी म्हणाले. "सगळ्या चकत्या एकदम आवळतात. तीन दिवसांचं काम. रोज एक हे... मी बनवून सांगितलं. तू रोज यावंस म्हणून."

 तो मूठ हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा काठी उचलेल, नमस्कार करेल आणि उद्याच्या बसनं कायमचा जाईल.

"म्हणजे चकती नसती," तो हळूच म्हणाला, "तर तू मला बोलावलं नसतंस?"

"बोलवायला जीभ रेटली नसती."

"आणि माझा यायला पाय उचलला नसता. रोज येताना मोजायचो मी, किती चकत्या उरल्या. जीव खालीवर व्हायचा." तो हसला, पण डोळे ओले होते. "शहाणे, मला कुठं मुठीची घाई होती?"

तेवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांनी मुठीच्या भोकाला डोळा लावला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "ही गेली. दुसरी मंगळवारपर्यंत होईल," ते अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले. "काठी ठेवून जा, पत्ता लिहून द्या. बसवून कुरिअरनं पाठवू. यायची तसदी नको."

बाबा मला पुरते ओळखतात. लाकूडकामाआड लपायची माझी सवय त्यांना पाठ आहे.

"कुरिअर नको, बाबा," मी म्हणाले. आवाज कापत होता, कापू दिला. "मूठ व्हायची तेव्हा होईल. मला हा यायला हवाय. मला हा आवडतो."

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"पुढच्या शनिवारी पहिल्या बसनं येतो," तो म्हणाला. मग कान लालबुंद करून बाबांकडे वळला. "काका, चालेल ना?"

"मला काय विचारतोस? तिनं आत्ता काय सांगितलं, ऐकलंस ना?"

त्यानं नीट ऐकलं होतं. तरी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "परत एकदा सांग."

मी परत सांगितलं.