धुक्यात मांडलेले त्रिकोण

फिलोमेना बोर्बा त्या सकाळी निघाली ती फक्त फोटो काढायला. तुलेरी गावातल्या एका वकिलासाठी ती अपघातांची चौकशी करायची. याच कामात तिचे केस पांढरे होत आले होते.

आताचा दावा त्या वकिलाचा अशील वेंडेल रुआर्क याचा होता. मागच्या हिवाळ्यात दाट धुक्यात त्याची बायको नेडीन गाडी चालवत होती आणि हमरस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळली. नेडीन गेली, शेजारी बसलेला वेंडेल वाचला. ट्रकचा ड्रायव्हर टूमी खाली उतरला होता, तोही चिरडला गेला. आता ट्रकवाली कंपनी म्हणत होती, टूमीने इशाऱ्याचे लाल त्रिकोण वेळेत मांडले होते. वेंडेल शपथेवर सांगत होता, रस्त्यावर काहीच नव्हतं. सगळा दावा तिथेच अडला होता.

धुक्यात ती जागा किती अंतरावरून दिसते, एवढंच फिलोमेनाला बघायचं होतं. तिने कडेला गाडी लावली, मागचे दिवे लुकलुकते ठेवले आणि काच खाली केली. बदामाच्या बागांतून ओल्या मातीचा वास येत होता. रस्ता दिसतच नव्हता. टायरांचा आवाज लांबून वाढत यायचा, अगदी अंगावर आल्यासारखा वाटायचा, आणि धुकं तो गिळून टाकायचं.

मग खडीवरून जड बुटांची पावलं ऐकू आली. कुणीतरी मागून काहीतरी घासत आणत होतं. आरशात एक लाल त्रिकोण उमटला. त्याच्यामागे आणखी एक, पुसट.

"बाई..." खिडकीपाशी माणूस उभा होता. टोपीतून पाणी ठिबकत होतं. चेहरा काही नीट दिसेना. "दिवे बंद करा. लोक दिव्यांच्या मागोमाग येतात... त्यांना वाटतं, रस्ता इकडेच आहे."

"तुमचा ट्रक कुठंय?"

"आधी उतरा. कुंपणापलीकडे जा. मला अजून एक मांडायचाय." तो जरा थांबला. "दर वेळी शेवटचा राहून जातो..."

त्याच्या आवाजात असं काही होतं की तिने वाद घातला नाही. दिवे मालवून ती उतरली, चर ओलांडला, तारेखालून पलीकडे सरपटली. तळहात फाटला तेही तिला कळलं नाही. ती उठते न उठते तोच धुक्यातून एक ट्रक बाहेर आला, त्याने तिच्या गाडीचा चेंदामेंदा केला आणि तो चरात तिरका होऊन थांबला.

ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर बसला होता. योकम नावाचा, ओक्लाहोमाकडचा थोराड माणूस. रस्त्यावर आता एकही त्रिकोण नव्हता.

"तुम्हाला त्रिकोण दिसले?" फिलोमेनाने विचारलं.

"दिसले की. माणूसही दिसला. दोन्ही हात हलवून मला डावीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला काढत होता बिचारा."

"मग इकडे का वळलात?"

त्याने वळून केबिनच्या काचांकडे पाहिलं.

"एक बाई... कडेला उभी होती. तिने हाक मारली मला. नावाने. काचा बंद होत्या हो माझ्या... घरातून जेवायला बोलवावं, तसं बोलावलं तिने."

पोलिसांना दोघांनीही बाईचं काही सांगितलं नाही. दुपारी फिलोमेनाने वकिलाला कळवून टाकलं, की या दाव्यात ती साक्षीला उभी राहणार नाही. दुसरं कुणी बघा. त्याने खोदून विचारलं, तरी तिने कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी वेंडेलचा फोन आला.

"वकीलसाहेब म्हणाले, तुमच्या गाडीला ट्रकने उडवलं. तुम्हाला लागलं नाही ना?"

"हात कापलाय थोडा. बाकी ठीक."

"त्याच जागी?"

"हो. त्याच जागी."

मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "नेडीन... बरी दिसत होती का?"