चार बोटांचं पाऊल

मनकर्णाबाईंनी टोपली उचलली आणि तिथंच मटकन खाली बसल्या.

सिडकोतल्या त्या घरात तीन दिवसांपूर्वी त्यांचे यजमान, कादंबरीकार सुदर्शनराव, वारले होते. जिथं जीव गेला तिथं रीतीप्रमाणं ज्वारीचं पीठ पसरून वर टोपली झाकली होती. शेजारी पाटावर दिवा. सकाळी पिठात ठसा शोधायचा; गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात.

आज ठसा होता. माणसाचा. उजवा पाय, करंगळी नसलेला.

साखरेच्या आजारात सुदर्शनरावांच्या उजव्या पायाची करंगळीच काढली होती.

आणि पाटाखाली ठेवलेलं त्यांचं पत्र गायब होतं.

शेजारच्या जहांगीरभाईंची आमरीन गुन्हे शाखेत फौजदार. हाकेसरशी आली. सुतकाच्या घरात कोण किती रडतं आणि रडताना कुणाकडं बघतं, याची नोंद ती मनातल्या मनात करत असे.

"काकू, पत्रात काय होतं?"

"सिनेमावरचं माझं नाव काढा, असं लिहिलं होतं त्यांनी. आज चारला शोकसभेत मी वाचणार होते. तेवढंच मागितलं होतं त्यांनी माझ्याजवळ."

सिनेमा त्यांच्याच कादंबरीवरचा, दिग्दर्शक पुतण्या इंद्रजीत. कादंबरीत मेलेला माणूस परत येतो, दारात उभा राहतो आणि घरचे त्याला आत घेत नाहीत. एवढंच, पण वाचणाऱ्याची झोप उडायची. इंद्रजीतनं त्याला नखं दिली, सुळे दिले, वर धूर सोडला. पहिल्याच खेळाला लोक हसले. सुदर्शनराव मध्यंतरातच घरी आले नि आठवड्यात गेले.

"दीपमाला, खोलीत कोण आलं होतं?" आमरीननं त्यांच्या मुलीला विचारलं.

"पहाटं मी. दिव्यात तेल घालायला. टोपलीला हात नाय लावला."

"पत्र वाचायचं ठरलं होतं, तुला पटलं होतं?"

"नाय. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?" मग तिनं तीन दिवस इथंच मुक्कामाला असलेल्या इंद्रजीतकडं मान वळवली. "पण हे बघून अंगावर काटा आला. दादाच्या सिनेमातलं पाऊल बघून हसू आलं होतं. शूटिंगला पिठात ठसा धरंना म्हणून लई वैतागला होता."

इंद्रजीतचे डोळे लाल होते. "आमरीनदीदी, चौकशीची वेळ आहे का ही? काका येऊन गेले. आपलं पत्र आपणच घेऊन गेले. म्हणजे मला माफ केलं त्यांनी. काकू, आता सभेत वाचायला राहिलंय काय?"

मनकर्णाबाईंनी पावलाकडं पाहून हात जोडले. दिव्याची ज्योत एकदा दबली.

आमरीन उकिडवी बसली. मुंग्यांची एक रांग ठशाच्या कडेपर्यंत येत होती, थबकत होती आणि वळून उंबऱ्याबाहेर जात होती.

"काकू, मुंग्या कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पीठ नेतात बिचाऱ्या. मारल्या नाहीत."

आमरीन रांगेच्या कडेकडेनं बाहेर गेली. दाराशी रांगोळीचा डबा होता. रिकामा.

"रांगोळी कुणी काढली होती का?"

"सुतकात?" दीपमाला दचकली. "दहा दिवस डब्याला हात नसतो लावायचा."

रांग व्हरांड्यातल्या काळ्या बॅगेत शिरत होती. आमरीननं सगळ्यांना तिथं बोलावलं.

"काल याच मुंग्या पीठ नेत होत्या. आज त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते पीठच नाही. ठसा उमटवणाऱ्यानं आधी पिठातच प्रयत्न केला असणार. बोटं नीट उठेनात. मग शूटिंगची आठवण झाली, आणि रांगोळी वापरली. सुतकात डबा कुणी उघडणार नाही, हेही त्याला ठाऊक. काढलेलं पीठ बाहेर फेकलं असतं तर सकाळी दिसलं असतं. म्हणून ते लपवलं. इंद्रजीत, बॅग उघड."

"माझ्या बॅगेत कॅमेऱ्याचं सामान आहे."

"मुंग्यांना कॅमेऱ्याचा शौक कधीपासून लागला?"

तो हलला नाही. दीपमालानंच चेन ओढली. पिशवीभर ज्वारीचं पीठ. सिनेमातला रबरी पाय, करंगळी कापून चार बोटांचा केलेला. आणि त्याखाली घडी घातलेलं पत्र.

"काकांचं नाव गेलं तर त्या सिनेमात माझ्याजवळ उरतं काय?" इंद्रजीत खाली बघत म्हणाला. "काकू मानतील असं वाटलं."

"मानलंच होतं मी." मनकर्णाबाईंनी पत्र छातीशी धरलं. "सिनेमात कुणाला घाबरवता आलं नाही तुला. इथं मला घाबरवलंस, बाबा. चार वाजता पुढच्या रांगेत बस. तोंड लपवू नकोस."

मग त्या आत गेल्या, रांगोळी पुसली, नवं पीठ पसरलं, टोपली झाकली. दीपमाला सवयीनं दार लोटायला गेली.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या. "आले, तर दारात उभे राहायला नकोत."