आवाज पुढे गेला

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्याचा, गुरुप्रसादचा, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. मांडवीच्या आमच्या घरात पंखा लावला की तीही ऐकू येत नसे. वैतागून त्याने बोलणंच टाकलं. मला ते घर खायला उठायचं. आवाज मोठा करणारं तयार यंत्र महागडं. म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे! शाळेत विज्ञान शिकवते, हौसेने रेडिओ जोडते, मला एवढं जमू नये?

साबणाच्या डबीत माईक, जुन्या रेडिओचा अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि माईकपुढे एका ट्रान्झिस्टरचा स्वस्तातला बफर. बफर म्हणजे निव्वळ हमाल. इकडची पाटी तिकडे न्यायची, पदरचं काही घालायचं नाही.

"काय गो वेदिका, ऐकू येतं का?" डबीतून खणखणीत आलं. मी रडलेच.

मग एकदा ताट वाढतानाच त्याच्या खिशातली डबी म्हणाली, "आमटीत मीठ नाही."

त्याने भुरका मारला आणि ओठ हलवून तेच म्हणाला.

"दोनदा कशाला सांगतोस?"

"एकदाच बोललो गो."

मी सोल्डर तपासलं, ट्रान्झिस्टर बदलला. आवाज उशिरा आला असता तर समजले असते. पण माल यायच्या आधी हमाल कसा पोचतो? डोकं चालेना. गुरुप्रसादला मात्र गंमत वाटायची.

अंतर वाढत गेलं. डबी सकाळी बोले ते तो दुपारी बोले. पुढे पुढे आजचं उद्यावर गेलं.

आज सकाळपासून डबी गप्प आहे. नवे सेल घातले, तरी चकार शब्द नाही. मेली एकदाची, म्हणून मला बरंच वाटलं.

बांगडे साफ करायला बसले. गुरुप्रसाद अंगणात शेजाऱ्याशी कुजबुजत होता. प्रत्येक वाक्य मी काल डबीतून ऐकलेलं.

माझे हात थांबले. कालची वाक्यं संपत आली होती. डबीतून पुढचं एकही आलं नव्हतं.

धावत गेले. "बोलू नकोस!"

"का गो? झालं काय?"

हेही कालचंच.

"गप्प बस रे, तुझ्या पाया पडते!" मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

तो हसला. माझ्या बोटांमधून कुजबुजला, "हात काढ गो, बांगड्यांचा वास येतोय."

काल डबी शेवटचं हेच बोलली होती. घरात तेव्हा बांगडे नव्हते, म्हणून मी हसले होते.