एकेचाळीस नंबरच्या तोफेची खिटी

खिटीवरचा आकडा सत्तावीस होता. तोफ होती एकेचाळीस नंबरची.

डेटलेफ ब्रोडरसेनने भिंग डोळ्याला लावून पुन्हा पाहिलं आणि त्याची कानशिलं तापली. कीलच्या आरमारी कारखान्यात तोफा तपासण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. परवाच त्याने सही करून दिली होती, की यंत्रात दोष नाही, चूक तोफचीची. तोफ वरवर बघून, खिटी न काढता.

सोमवारी सरावात या तोफेने दगा दिला होता. मागचं तोंड बंद करणारी पोलादी पाचर आडवी सरकून पुरती बसायच्या आतच बार उडाला. पाचर बसेपर्यंत बार उडवणाऱ्या सुईला अडवून धरणं, हेच खिटीचं काम. गोळे भरणारा यास्पर जागीच गेला. चाप ओढणारा हिनरिश ल्युडर्स डोळ्यांवर पट्ट्या बांधून इस्पितळात पडला होता. यास्पर त्याच्या बायकोचा, वीब्केचा, सख्खा भाऊ. ती नवऱ्याला बघायलाही आली नव्हती.

आज सकाळी हिनरिशने डेटलेफला बोलावून घेतलं होतं.

"मास्तर, मी घाई केली, कबूल. पाचर बोटभर उघडी राहिली असेल. पण मग खिटीने सुईला अडवायला हवं होतं ना? बार उडालाच कसा?"

 त्यासाठीच डेटलेफने कारखान्यात परत येऊन खिटी काढली होती. सुईला अडवणारं तिचं नाक कानशीने घासून सपाट केलेलं होतं.

त्याने तोफेची देखभाल करणाऱ्या एवाल्ड रिकर्सला हाक मारली.

"शनिवारी पाचर कोणी खोलली?"

"मीच. तेल द्यायला."

"खिटी काढलीस?"

"छे! तिला कशाला हात लावू?"

"मग नाक कोणी घासलं? हिनरिशने?"

"त्यानेच असणार! भराभर बार काढून शाबासकी मिळवायची. ही पोरं काय, मास्तर..."

डेटलेफने भिंग पुढे केलं. "घासलेल्या जागेवर तेल वाळून पापुद्रा धरलाय. किती जुना?"

"असेल... चारपाच वर्षांचा."

"हिनरिश या तोफेवर कधी आला?"

"या एप्रिलात," एवाल्ड म्हणाला.

दुपारी अपघाताची चौकशी करणाऱ्या कॅप्टन फॉन थाडेनसमोर दोघं उभे राहिले.

"कॅप्टनसाहेब, पाचरेच्या प्रत्येक भागावर आपापल्या तोफेचा आकडा असतो," डेटलेफ म्हणाला. "सत्तावीस नंबरची तोफ खलाशांच्या शाळेत आहे. ती कधी डागत नाहीत. सुई कशी पडते ते पाचर उघडी ठेवून दाखवता यावं, म्हणून तिची खिटी मुद्दाम घासलेली होती. तीच या तोफेत बसवली गेली. एवाल्ड, मूळ खिटीचं काय झालं?"

एवाल्डचा चेहरा उतरला. "अडकली होती. हातोडी मारली, तर नाकच तुटलं. सोमवारी सराव. सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर माझी शोभा झाली असती. शाळेतली आणून लावली. नाक थोडं झिजलंय, एवढंच वाटलं. देवाशपथ, साहेब!"

"आणि पोराच्या डोक्यावर खापर फोडलंस," कॅप्टन म्हणाला. मग त्याने खिटी उलटसुलट पाहिली. "शाळेच्या भागांना तांबडा रंग द्यायचा नियम आहे. हिला का नाही? घासली कोणी?"

डेटलेफची नजर जमिनीवर गेली.

"मी. पाच वर्षांपूर्वी. रंग उद्या देऊ म्हटलं आणि राहून गेलं. सकाळी भिंग लावताच स्वतःचा हात ओळखला."

कॅप्टनने खिटी टेबलावर ठेवली.

"एवाल्डचं नाव पुरेसं आहे, ब्रोडरसेन," कॅप्टन हळू आवाजात म्हणाला. "तुमची अठरा वर्षांची नोकरी..."

"परवाचा माझा कागद फाडा, साहेब. आणि एवाल्डच्या वर माझं नाव घाला."

संध्याकाळी इस्पितळात त्याने हिनरिशला सगळं सांगितलं. हिनरिशने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला काय सांगता? वीब्केला सांगा. तिच्या लेखी मी तिच्या भावाचा खुनी आहे."

"निकालाचा कागद उद्या तिच्याकडे पोचेल."

"कागद परवाही पोचला होता, मास्तर. तुमच्याच सहीचा."

डेटलेफ तिथून उठला तो थेट तिच्या गल्लीत गेला. काळ्या कपड्यांतल्या बाईने दार अर्धवट उघडलं. त्याने टोपी काढली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना, तेव्हा त्याने आधी आपलं नाव सांगितलं.