मेन स्विचपाशी कोण होते?

मेन स्विचपाशी उभे राहायचे काम माझे होते आणि तिथून मी हलले. चूक माझीच. पुढचे सांगण्याआधी एवढे कबूल करून टाकते, कारण छत्तीस वर्षे शाळेत मी मुलांकडून हेच करवून घेतले आहे.

आमचे घर जुने. न्हाणीघराला वर एक वीतभर झरोका, त्यामुळे वाफ आतच कोंडते आणि छतावर काळी बुरशी धरते. सुनेला त्याने खोकला लागला होता. तिने तक्रारीचा शब्द काढला नाही. पण एका सकाळी लक्षात आले, की आपला खोकला मला ऐकू जाऊ नये म्हणून ती नळ मोठा सोडून खोकते. त्याच दिवशी मी वायरमनला निरोप धाडला: झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवायचा.

वायरमन पन्नाशीचा, मोजके बोलणारा. दुपारी आला, स्टुलावर चढला आणि न्हाणीघराच्या दारावरची वायरींची लाकडी पेटी त्याने उघडली. जळक्या रबराचा शिळा वास खाली उतरला.

"बाई, या वायरी कुणी ओढल्यात?"

"घराबरोबरच्या आहेत. का?"

"सगळ्या काळ्या ठिक्कर. जिवंत कुठली आणि मेलेली कुठली, देवालाच ठाऊक."

"मग मी मेन बंद करते."

"नुसतं बंद करून भागायचं नाही. तिथंच उभ्या राहा. दर वायरीला मी विचारणार, 'बंद?' तिकडून 'बंद' आल्याशिवाय मी हात लावत नाही."

नियमाने काम करणारा माणूस मला आवडतो. शिवाय ही रीत या घराला नवी नव्हती. आमच्या यांना जाऊन तीन वर्षे झाली. ते असताना साधा दिवा बदलायचा झाला तरी मेन बंद होई आणि हे त्यावर तळवा ठेवून उभे राहत. तरुणपणी यांना एकदा जबर झटका बसला होता. "द्वारपाल उभे राहिले हो!" असे मी म्हणे. हे नुसते घसा खाकरत आणि हात काही काढत नसत.

मेन आमच्या बोळाच्या टोकाला आहे. बोळ अरुंद, त्याला खिडकी नाही आणि न्हाणीघर वळणापलीकडे. दोन्हीकडची माणसे एकमेकांना दिसत नाहीत. आवाज तेवढा पोहोचतो. मी खटका खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली आणि भर दुपारी तो बोळ विहिरीसारखा झाला.

"बंद?"

"बंद."

पाच-सहा वेळा असे झाले. मग फाटकाशी शेजारीण हाका मारू लागली. तिला तिच्या मुलीचा अर्ज तपासून हवा होता. आत्ता येते, म्हणून मी गेले. वायरमनला सांगितले नाही. दोन मिनिटांचे तर काम! पण चुकांनी भरलेला कागद हाती आला, की माझे पाय जमिनीला खिळतात. दोन्ही पाने दुरुस्त करून मान वर केली, तेव्हा पाव तास उलटला होता.

घरात शिरले आणि फ्रिजची घरघर ऐकू आली.

मी धावतच वळणापलीकडे गेले. न्हाणीघरातला दिवा लागलेला होता. स्टुलाशेजारी वायरमन फरशीवर बसला होता, दोन्ही हात उताणे मांडीवर, जणू कोणाला दाखवायला धरलेले. बोळात सून उभी, खांद्याला कामावरची पिशवी तशीच.

"आई... मी मागच्या दाराने आले. अंधार दिसला. वाटलं, आपोआप पडलं असेल, म्हणून मीच वर केलं. वायरमन आत आहेत हे मला..."

"तुम्हांला लागले का हो?" मी वायरमनला विचारले.

"नाही बाई." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "काका होते म्हणून. सोललेली वायर धरणार, तोच ओरडले. 'थांब! हात काढ!' हात काढला, अन् दिवा लागला."

"कोणते काका?" सुनेने हळूच विचारले.

"मेनपाशी होते ते. मी विचारत होतो, ते सांगत होते. बाईंचा आवाज थांबला अन् त्यांचा सुरू झाला. बसका आवाज. दर वेळी आधी घसा खाकरायचे, मग 'बंद'. एकदा तर म्हणाले, 'आवर रे लवकर, पाय भरून आले माझे.' मला हसू आलं."

मला हसू आले नाही आणि रडूही आले नाही. शेवटच्या वर्षी यांचे गुडघे सुजत. तरीही दिव्याचे काम निघाले, की हे उभेच.

सुनेने यांना पाहिलेले नाही. ती या घरात आली ती गेल्या वर्षी. ती आपल्या तळव्यांकडे पाहत होती.

"आई, ते वर जात नव्हतं."

"काय?"

"मेन. रोज एका बोटाने होतं ना? आज... कुणीतरी वरून दाबून धरावं तसं लागलं. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा गेलं." तिने माझ्याकडे पाहिले. "मी त्यांच्याशी झोंबले का हो?"

मी तिला जवळ घेतले. "त्यांनी राग धरला नसेल," मी म्हणाले. "मी चाळीस वर्षे झोंबले."

वायरमनला सत्य सांगणे भाग होते: या घरातले काका तीन वर्षांपूर्वीच गेले. त्याने ते शांतपणे ऐकले, पाणी मागून घेतले आणि म्हणाला, "काम पुरं करतो. पण या वेळी दोघी उभ्या राहा."

दोघी उभ्या राहिलो. तासाभरात पंखा फिरू लागला आणि कोंडलेली हवा बाहेर गेली.

मग ठरले ते असे. या घरात विजेचे काम चालू असताना मेनपाशी दोघे असतील आणि त्यातला एक तरी कोणत्याही कारणाने हलणार नाही. शेजारणीच्या अर्जासाठी तर नाहीच. मी त्याला आधी होकार दिला, मग सुनेने. वायरमन म्हणाला, मेन बोळातून काढू आणि नवा बोर्ड बाहेर दाराशी घेऊ. सून "नको" म्हणाली आणि त्यानेही ते लगेच मानले. बोळात सामान ठेवायचे नाही हा माझा जुना नियम. तो मोडून तिथे एक खुर्ची ठेवावी, असे सुनेने सुचवले. परगावी असलेल्या माझ्या मुलाने फोनवर कारण न विचारता "ठेवा" म्हटले. मीही ठेवा म्हणाले.

खुर्ची मी स्वतः ठेवली, पाठ भिंतीला लावून, तोंड बोळाकडे करून. सकाळी तिचे तोंड बोर्डाकडे होते. मी ती सरळ केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसेच.

ती कोण वळवते हे एकमेकींना विचारायचे नाही, असे आता आम्ही ठरवले आहे. मी ते मान्य केले आहे आणि सुनेनेही.